ढिल्या ब्रीचची छर्र्याची रायफल: छर्रा निवडणे, बसवणे आणि ग्रुप मोजणे

काकांची छर्र्याची रायफल माझ्याकडे आली ती दोष घेऊनच आली. नळी मोडून, म्हणजे सांध्यावर वाकवून, छर्रा भरायची, ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंगवर चालणारी साधी रायफल. चांगल्या रायफलीत छर्रा ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या, भरायच्या टोकाच्या, तोंडावर ठेवला की अंगठ्याने दाबावा लागतो, थोडा विरोध जाणवतो. हिच्यात छर्रा सोडला की आपोआप आत उतरायचा, तोंडापासून दीड-दोन मिलिमीटर खाली जाऊन बसायचा, आणि नळी उलटी केली की परत तळहातावर यायचा. पूर्वी कधीतरी एका कारागिराने ब्रीचचं तोंड ‘साफ’ करताना त्यात रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवला होता. दहा मीटरवर पाच छर्रे मारले तर ते लहान संत्र्याएवढ्या जागेत विखुरलेले दिसायचे. अशा पाच भोकांच्या पुंजक्याला ग्रुप म्हणतात.

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीचा एक लेथवाला आहे. त्याच्याकडे रायफल नेली. त्याने भिंग लावून तोंडात पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, भोक मोठं झालं तं आता लहान कसं करू? मटेरियल काढता येते, टाकता येत नाही.”

त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. नळी आहे तशीच राहणार. बदलायचं ते तिच्यात जाणारं. या लेखात मी ते क्रमाने सांगतो आहे, कारण ढिल्या ब्रीचच्या जुन्या छर्र्याच्या रायफली विदर्भात घराघरांत माळ्यावर पडून आहेत आणि ‘बंदूक खराब आहे’ म्हणून भंगारात जात आहेत. त्यातल्या कितीतरी खराब नाहीत.

आधी कायदा

मोठ्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या कप्प्याच्या) रायफलीसाठी काडतुसं घरी पुन्हा भरण्याची पद्धत काही देशांत सर्रास चालते. युद्धकाळातल्या .३०३ ली-एन्फिल्ड रायफलींचे चेंबर ऐसपैस ठेवलेले असायचे. गोळी झाडली की पितळी केस (काडतुसाचं कवच) फुगून त्या चेंबरच्या मापाची होते, आणि ती परत मूळ मापावर दाबली तर प्रत्येक खेपेला ताणली जाऊन फाटते. म्हणून तिथले लोक केसचं फक्त तोंड दाबतात, अंग फुगलेलंच राहू देतात. केस त्याच रायफलीची होऊन जाते. विचार पक्का आहे, पण आपल्याकडे हे काम घरी करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा फार कडक झाली आहे. त्यामुळे बारूद, काडतूस, केस हा विषय इथेच संपला.

छर्र्याच्या रायफलीचं तसं नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आणि नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आहे, त्याला परवाना लागत नाही. तरी खरेदीचं बिल आणि ओळखपत्राची प्रत रायफलीच्या पिशवीतच ठेवा. रस्त्याने नेताना रायफल बंद पिशवीत असू द्या. आणि पाखरांवर रोखू नका. पोपट, होला, साळुंकी, सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे.

वर सांगितलेला विचार मात्र इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो: जे आत जातं ते आपल्या नळीच्या मापाचं करायचं.

दोष ब्रीचचाच आहे का, ते आधी बघा

मी इथे दोन महिने वाया घालवले. विखुरलेले छर्रे पाहिले की माणूस लगेच नळीला दोष देतो. स्प्रिंगची रायफल झाडताना आधी मागे आणि मग पिस्टन थांबला की पुढे असा दुहेरी हिसका देते. त्या हिसक्याने दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, दुर्बीण असेल तर तिचा माउंट सरकतो. म्हणून पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हरचं. दस्त्याचे पुढचे दोन्ही आणि ट्रिगरगार्डचा स्क्रू घट्ट करा. मग नळी बंद करून तोंडाकडचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. मोडणीच्या खिळीत खेळ असेल, नळी थोडीही हलत असेल, तर छर्रे बदलून काहीच साधणार नाही. आधी ती खिळ कसून घ्यावी लागते.

दुसरी तपासणी ब्रीच सीलची. नळी आणि सिलिंडर जिथे मिळतात तिथे रबरी ओ-रिंग असते. बोटभर लांबीची टिश्यू पेपरची पट्टी त्या सांध्यावर अलगद ठेवा, सुरक्षित दिशेला छर्रा झाडा. पट्टी उडाली किंवा जोरात थरथरली तर हवा तिथून निसटते आहे. ओ-रिंग कुठल्याही ऑइल सीलवाल्याकडे मिळते; जुनी सोबत न्या, आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळवून घ्या. नवी ओ-रिंग ब्रीचच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर यायला हवी. आली नाही तर तिच्याखाली पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची चकती कापून बसवा. हे काम दहा रुपयांचं आहे आणि माझ्या रायफलीतला अर्धा घोळ इथेच होता.

एवढं करूनही छर्रे विखुरत असतील तर पुढे वाचा.

नळी मोजणे

यासाठी एक सोबती लागतो. नळी मोडलेली असताना ट्रिगर निसटला तर नळी प्रचंड जोराने मिटते आणि अंगठा त्यात असेल तर हाडापर्यंत जखम होते. म्हणून मोडलेली नळी दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी धरून ठेवायची, सेफ्टी लावलेली असली तरी. हा नियम माझ्याकडे छर्रा भरतानाही पाळला जातो: एकटा असलो तर डावा हात नळीवरून सुटत नाही.

आता छर्रा ब्रीचमधून प्लास्टिकचं आवरण असलेल्या साफसफाईच्या काठीने हळूहळू पुढे ढकला. हाताला काय लागतं ते लक्षात ठेवा. चांगल्या नळीत सुरुवातीला अडतो, मग एकसारख्या विरोधाने सरकतो, आणि पुष्कळ नळ्यांत पुढच्या टोकाजवळ पुन्हा जरा घट्ट होतो. माझ्या नळीत पहिले पाच मिलिमीटर काहीच विरोध नव्हता, पुढे सगळं व्यवस्थित. म्हणजे रायफलिंग (नळीच्या आतल्या पीळदार खाचा आणि उंचवटे) धड होतं आणि बिघाड फक्त ब्रीचच्या तोंडाचा होता. तुमच्या नळीत मधेच कुठे छर्रा सैल पडत असेल तर ती गंजलेली किंवा झिजलेली नळी आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. कंपनीकडून नवी नळी मागवा.

ब्रीचचा व्यास मोजायला ड्रिलच्या पात्यांचा गुळगुळीत मागचा दांडा वापरा. हार्डवेअरच्या दुकानात ०.१ मिलिमीटरच्या फरकाने पाती मिळतात. ४.६, ४.७, ४.८ असं एकेक दांडा अलगद तोंडात उतरवून बघायचा. दाबायचं नाही, फिरवायचं नाही, धारेचं टोक तर चुकूनही आत जाऊ द्यायचं नाही. प्रत्येक दांडा आधी मायक्रोमीटरने मोजा, कारण दांडा छापलेल्या मापापेक्षा किंचित बारीक असतो. वर्निअर कॅलिपर असेल तर त्याच्या ०.०२ च्या वाचनावर फार विसंबू नका. लेथवाल्याकडचा मायक्रोमीटर पाच मिनिटांसाठी मागा, कोणी नाही म्हणत नाही.

माझ्या ब्रीचमध्ये ४.९ चा दांडा जेमतेम गेला, ५.० चा नाही. खोली पाच मिलिमीटर. हे दोन आकडे वहीत लिहा. पुढचा सगळा हिशोब यांच्यावर.

छर्रा नीट पाहिला तर

छर्रा म्हणजे शिशाचा एक तुकडा, असं समजून आपण खरेदी करतो. भिंगाखाली धरा. पुढे डोकं, मधे बारीक कंबर, मागे पातळ घेर, आतून पोकळ. डोकं नळीतल्या उंचवट्यांवर टेकून छर्र्याला मधोमध ठेवतं. घेर मागून आलेल्या हवेने फुलून खाचांत बसतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. दोघांची कामं वेगळी, मापंही वेगळी: डोकं साधारण ४.५ मिलिमीटर, घेर त्याहून मोठा.

आता ४.९ च्या तोंडात हा छर्रा काय करतो ते डोळ्यांपुढे आणा. घेर समजा ४.७५ चा. चहूबाजूंनी फट. स्प्रिंग सुटली, पिस्टन पुढे धावला, हवा दाबली गेली, आणि घेर फुलायच्या आधीच थोडी हवा फटीतून पुढे गेली. छर्रा कधी लवकर सुटतो, कधी उशिरा. शिवाय आधाराअभावी तो किंचित कलंडलेला असतो, आणि त्याच कलाने रायफलिंगमध्ये शिरतो. कललेलं डोकं नळीतून सरळ बाहेर येत नाही.

वेगातल्या फरकाने किती बिघडतं, हे मी एकदा कागदावर मांडलं. ताशी नाही, सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. तोच १५० ने निघाला तर जवळजवळ २२ मिलिमीटर. म्हणजे फक्त वेग वीस मीटरने इकडेतिकडे झाला की उभ्या दिशेने पाच मिलिमीटरचा फरक. ऑलिम्पिकच्या दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि वर्तुळा-वर्तुळातलं अंतर अडीच मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे दोन अख्खे गुण. म्हणून टार्गेटवर भोकं उभ्या रांगेत पडत असतील तर हवा निसटण्याचा संशय घ्या. चहूकडे पांगत असतील तर छर्रा कलंडतो आहे असं समजा. माझ्याकडे दोन्ही होतं.

कोणते छर्रे मागवायचे

इथे माझं मत ठाम आहे. स्थानिक बाजारात पुठ्ठ्याच्या डबीत मिळणारे स्वस्त छर्रे सरावाला, मुलांना नळी सरळ धरायला शिकवायला चांगले. पण ढिल्या ब्रीचमध्ये ते चालत नाहीत. एकाच डबीत डोक्याची मापं इतकी वेगळी असतात की काही शिकताच येत नाही.

चांगल्या कंपन्या, म्हणजे एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी, छर्रे डोक्याच्या मापानुसार विकतात: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. डबीच्या मागे किंवा झाकणावर हा आकडा असतो. ढिल्या ब्रीचसाठी वरच्या मापाकडून सुरुवात करा. ४.५२ चं डोकं रायफलिंगच्या सुरुवातीलाच अडकतं, पुढे घसरत नाही, आणि त्यामुळे छर्र्याचा घेर ब्रीचच्या तोंडाशी समपातळीत राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण घेर हाताशी राहिला तरच पुढची पायरी जमते. माझा जुना छर्रा तोंडापासून खाली उतरून बसायचा तो नेमका डोकं लहान असल्यामुळे.

वजनाबद्दल: मॅचचे, म्हणजे स्पर्धेचे, छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, काही हलके ०.४९ च्या आसपास. साध्या स्प्रिंगच्या रायफलीत जड, जाड घेराचे छर्रे घेऊ नका. हवेचा जोर तेवढा नसतो की जाड घेर फुलेल. मऊ शिसं आणि पातळ घेर हेच आपल्याला हवं.

सुरुवातीला दोनच मापं घ्या, ४.५० आणि ४.५२, एकाच कंपनीची, एकाच वजनाची. पाच-पाच प्रकार एकदम आणले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

निवडणे: काच आणि तराजू

छर्रे आधी कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, प्लास्टिकच्या चाळणीत हलवून धुवा. चाळणी यासाठीच वेगळी ठेवा, ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. शिसं विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो. जुन्या सुती कापडावर पसरून सावलीत वाळवा. हात साबणाने धुवा, मग चहा.

आता काच. जुन्या खिडकीची किंवा फोटोफ्रेमची दीड फूट लांब काच टेबलावर ठेवा, एका टोकाखाली काडेपेटी सरकवा. खालच्या टोकाला कापडाची पट्टी. वरच्या टोकाला एक खूण करा आणि प्रत्येक छर्रा तिथूनच आडवा सोडा. घेर मोठा आणि डोकं लहान असल्यामुळे छर्रा सरळ घरंगळत नाही, वाकडी वाट धरतो, कमानीसारखी. एकसारखे छर्रे एकाच कमानीने जाऊन कापडावर एकाच जागी थांबतात. ज्याचा घेर दबलेला आहे तो डुगडुगत जातो. ज्याचं डोकं वेगळं आहे तो लवकर किंवा उशिरा वळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रात्री साडेबारापर्यंत छर्रे घरंगळवत बसलो होतो. पाचशेच्या डबीतले साठेक वेगळ्या वाटेने गेले. ते फेकायचे नाहीत, नेम जुळवायला आणि नळी गरम करायला वापरायचे.

तराजूसाठी मिलिग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. इतवारीत सोन्याचांदीच्या दुकानांना वजनकाटे पुरवणारे आहेत, तिथे बघा. ०.०१ ग्रॅमच्या फरकाने तीन ढीग करा. खरं सांगायचं तर चांगल्या डबीत वजनाने फार फरक सापडत नाही. काचेची चाचणी मला जास्त उपयोगी वाटते. वेळ कमी असेल तर तराजू सोडा, काच सोडू नका.

बसवणे

सगळ्या कामाचा गाभा हा आहे.

लेथवाल्याकडून मी एक छोटं अवजार करून घेतलं. शिसवी लाकडाची बोटभर मूठ, एका टोकाला सायकलच्या मागच्या चाकातली पोलादी गोळी अर्धी बसवलेली. ही गोळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. ब्रीचचं तोंड ४.९ चं. मोठी गोळी लहान भोकात पूर्ण जाऊ शकत नाही. ती सव्वा मिलिमीटरहून जरा कमी उतरते आणि कडेला टेकून थांबते. त्यामुळे हात कितीही दाबला तरी प्रत्येक छर्रा तेवढाच दाबला जातो. मोजावं लागत नाही, अवजारच मोजतं.

कृती अशी. नळी मोडा, डाव्या हाताने घट्ट धरा. छर्रा डोक्याकडून ब्रीचमध्ये ठेवा, बोटाच्या पेराने सरळ करा. घेराची कड ब्रीचच्या तोंडाशी सारखी दिसली पाहिजे. एक बाजू वर, एक खाली असेल तर छर्रा कलंडला आहे, काढून पुन्हा ठेवा. मग गोळीचं टोक छर्र्याच्या पोकळीत मधोमध टेकवा आणि अवजार नळीच्या रेषेत धरून दाबा. ठोकायचं नाही. फक्त तळहाताचा दाब. शिसं मऊ असतं, घेर गोळीभोवती उमलतो आणि ब्रीचच्या भिंतीला जाऊन लागतो. गोळी कडेला टेकल्याचा बारीक ‘टक्’ हाताला कळतो. अवजार काढा आणि बघा: घेराभोवती पूर्वी काळी फट दिसायची, आता शिशाची चकचकीत कड चहूबाजूंनी पोलादाला भिडलेली दिसेल. नळी उलटी करा. छर्रा पडणार नाही.

नळी मिटण्यापूर्वी घेराची कड ब्रीचच्या वर आलेली नाही ना, बोट फिरवून पाहा. वर राहिली तर ओ-रिंगला कापेल.

दुसरी पद्धत खोल बसवण्याची आहे. बारीक, सपाट टोकाच्या पितळी काडीने छर्रा ढिल्या भागाच्या पलीकडे ढकलायचा, म्हणजे डोकं आणि घेर दोन्ही रायफलिंगमध्ये. काडीला हव्या त्या खोलीवर कॉलर लावून घ्यायची, नाहीतर प्रत्येक छर्रा वेगळ्या खोलीवर जातो. काही नळ्यांना ही पद्धत जास्त मानवते, विशेषतः जिथे ढिला भाग सात-आठ मिलिमीटर खोल आहे आणि घेर तोंडाशी राहूच शकत नाही. माझ्या नळीत हिचे ग्रुप ठीक आले, पण उमलवलेल्या घेराएवढे नाही. दोन्ही करून बघा, मात्र एका दिवशी एकच.

काही गोष्टी मी लोकांना करताना पाहिल्या आहेत आणि त्या करू नयेत असं मला कळकळीने सांगायचं आहे. छर्र्याला टेफ्लॉन टेप किंवा कागद गुंडाळू नका. त्याचे तुकडे हवेच्या छिद्रात अडकतात आणि प्रत्येक गुंडाळी वेगळी होते. ब्रीचमध्ये तेल किंवा ग्रीस भरून फट बुजवू नका. पिस्टनच्या दाबाने तेलाची वाफ पेटते, मोठा बार होतो, छर्रा भलत्याच वेगाने सुटतो आणि पिस्टनचं सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. दणदणीत आवाज झाला म्हणजे ‘ताकद वाढली’ असं वाटतं, पण मोडतोड सुरू झालेली असते. जास्त कडक स्प्रिंग बसवून फट भरून काढायचा विचारही सोडा. ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली की रायफल परवान्याच्या कक्षेत येते. आणि शिसं वितळवून घरी छर्रे ओतण्याचा उद्योग करू नका. त्या धुराने होणारी इजा लगेच दिसत नाही, हाच त्यातला धोका.

झाडणे आणि मोजणे

जागा रेंजची असावी, किंवा दहा मीटर लांब बंद खोली, जिथे मागचं दार आतून कडीने बंद आहे. गच्चीवर नको, छर्रा कठड्यावर आपटून कुठे जाईल याचा भरवसा नाही. टार्गेटमागे जाड प्लायवुडची पेटी, तिच्यात मागे पोलादी पत्रा तिरका, पुढे जुन्या साड्या किंवा चादरींच्या घड्या दाबून भरलेल्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा, बघणाऱ्यांच्याही.

रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून ठेवू नका. स्प्रिंगच्या रायफलीला उसळायला मोकळीक लागते. डावा तळहात पिशवीवर उताणा ठेवा आणि त्यावर रायफल नुसती टेकू द्या. दर वेळी त्याच जागी. हात एक इंच पुढेमागे झाला तरी ग्रुप सरकतो, आणि मग दोष विनाकारण छर्र्यावर जातो.

पहिले दहा छर्रे मोजायचेच नाहीत. नंतर प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्र्यांचे पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. मापं आलटून-पालटून: एक ग्रुप ४.५० चा, एक ४.५२ चा, पुन्हा ४.५०. सलग एकच माप मारलं तर शेवटी तुमचा थकवा मोजला जातो.

ग्रुप मोजायचा असा: सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या, त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. पाचही ग्रुपांची सरासरी काढा. एखादा ग्रुप फार छान आला म्हणून त्याचा फोटो काढून डबी पक्की करू नका. पाच छर्रे योगायोगानेही एका भोकात जातात. मी सर्वांत वाईट ग्रुपकडे जास्त लक्ष देतो.

एखाद्या मित्राकडे क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर फार बरं. दहा छर्र्यांचा सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेग बघा. ऊर्जाही काढून ठेवा: ग्रॅममधलं वजन हजाराने भागा, वेगाच्या वर्गाने गुणा, निम्मं करा. ०.५३ ग्रॅम आणि १७० चा वेग म्हणजे सुमारे ७.७ ज्यूल. हा आकडा वहीत असला की कायद्याची धास्तीही राहत नाही.

माझी वही सांगते: बाजारातले छर्रे अंगठ्याने भरले तेव्हा ग्रुपची सरासरी ४१ मिलिमीटर. ओ-रिंग बदलल्यावर २६. मॅचचा ४.५० अंगठ्याने भरून १९. ४.५२ अंगठ्याने १४. ४.५२ गोळीच्या अवजाराने ९. वेगातला फरक सेकंदाला २३ मीटरवरून ५ वर आला.

उन्हाळा, हिवाळा आणि कूलर

नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. पिस्टनवरचं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होतं, थंडीत चिकट. त्यामुळे मेमधल्या दुपारच्या ग्रुपची तुलना डिसेंबरच्या सकाळच्या ग्रुपशी करता येत नाही. मी बाराही महिने सकाळी सात ते नऊ याच वेळात चाचणी घेतो आणि वहीत तापमान लिहितो. गाडीच्या डिकीत रायफल आणि छर्रे ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका. तापलेलं लाकूड वाकतं, दुर्बिणीतलं वंगण सुटतं.

आणि कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि कूलरच्या खोलीत हवा सतत ओली असते. लोखंडाला गंज लागायला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. मोठ्या मेहनतीने ब्रीचचं गणित बसवल्यावर माझ्या नळीच्या तोंडाशी एप्रिलमध्येच तांबूस ठिपके आले, कारण रायफल कूलरच्या झोतात उभी होती. आता ती आतल्या खोलीत कपाटात असते. झाडून झाल्यावर नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसतो, आतून कोरडा फेल्टचा बोळा दोनदा काढतो, आणि ब्रीचच्या कडेवरून कापसाची काडी फिरवतो, कारण उमललेल्या घेराची शिशाची बारीक चुरी तिथे साठते. दर दोनशे छर्र्यांनी ही चुरी काढली नाही तर पुढचा छर्रा सरळ बसत नाही.

डबीच्या झाकणावर लॉट नंबर असतो. जुळलेली डबी अर्धी झाली की त्याच लॉटच्या आणखी दोन मागवून ठेवा, कारण पुढच्या लॉटमधला ४.५२ तंतोतंत तसाच असेलच असं नाही. नवा लॉट आला की काचेवर वीस छर्रे सोडायचे, जुन्याच जागी थांबतात का ते पाहायचं, आणि दोन ग्रुप मारायचे. माझी सध्याची डबी ऑगस्टमध्ये संपेल. नव्या दोन डब्या कपाटात आल्या आहेत, काच पुसून ठेवली आहे, या रविवारी सकाळी सात वाजता बसणार आहे.